घरात आणखी कोण असतं?

११ मार्च

पत्र पाहून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. म्हणून तुमच्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात प्रचार कार्यालयाचा पत्ता असतो, त्यावर तुझं नाव घालून पाठवते आहे. पोचेल असं धरून चालते.

निवडणूक म्हणजे आपल्या भाड्याच्या खुर्च्यांचा हंगाम, हे तुला काय सांगायचं? तुझं लहानपण खुर्च्यांच्या चळतींमागे लपण्यात गेलं. दुसरा खुर्चीवाला धंदा विकून लेकीकडे राहायला गेला, त्यामुळे यंदा तिन्ही उमेदवारांच्या सभांना खुर्च्या आपल्याच. सभा कुणाचीही असो, मी शेवटच्या रांगेमागे गाडीच्या पायरीवर बसलेली. सभा संपल्याशिवाय खुर्च्या उचलता येत नाहीत आणि खुर्च्या उचलल्याशिवाय घरी जाता येत नाही. तेव्हा या तिघांची भाषणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला माणूस शहरात माझ्याशिवाय कुणी नसेल. त्यांच्या घरच्यांनीसुद्धा ऐकली नसतील.

आणि मला वीट आलाय. वीट हाही सौम्य शब्द झाला. शिळं पाणी तोंडात घेतल्यावर होतं तसं होतं.

बाबा म्हणायचे, खुर्चीवाल्यानं टाळी वाजवायची नाही. ते मी पाळते, पण आजकाल पाळायला कष्टच पडत नाहीत. पूर्वीही खोटं बोलायचे, नाही असं नाही. पण केवढं मोठं बोलायचे! पूल बांधू, वीज देऊ, शाळा काढू. खोटं असलं तरी सगळ्यांना मिळून एकच असायचं. घरी जाताना माणसं त्याच्यावर भांडायची तरी. आता काय आहे? घराला नवीन खिडक्या बसवल्या तर करात सवलत. मूल वाजवायला शिकत असेल तर सवलत. तिशीच्या आत दुकान काढलं तर सवलत, एकतिसाव्यात काढलं तर तुमचं नशीब. सायकलवरून कामाला जाणाऱ्याला सवलत. चालत जाणाऱ्याला नाही, कारण चालणाऱ्याकडे पावती नसते.

मॅडम खिडक्यांना देतात म्हणून डॉक्टर दारांना देतो. तुमचा हसरा उमेदवार दोघांच्या वर जाऊन छपराला देतो. संध्याकाळची बस बंद होऊन वर्ष होत आलं. दवाखान्याच्या वरच्या मजल्याला कुलूप आहे. त्याबद्दल तिघांच्याही तोंडात मिठाची गुळणी.

मागून बघितलं की टाळ्या कशा वाजतात ते दिसतं. पूर्वी टाळी पुढून उठायची आणि माझ्यापर्यंत येऊन थांबायची. आता ठिकठिकाणी फुटते. खिडक्या म्हटलं की डावीकडचे चार हात, मूल म्हटलं की मधली एक रांग. दवाखान्यात आपला नंबर पुकारायची वाट बघत बसावं तसे लोक बसलेले असतात. नंबर लागला की टाळी वाजवतात, उठतात आणि निघून जातात. शेजारच्या खुर्चीवरच्याला काय मिळालं, मिळालं की नाही, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. सभेच्या शेवटी रिकाम्या खुर्च्या बघितल्या की पडलेल्या दातांचं तोंड बघावं तसं वाटतं.

परवा हसऱ्याची सभा झाली. त्यानं माईक हातात घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "मी एका आईला ओळखतो. तिचे यजमान गेले. मुलगा दूर असतो. मोठ्या घरात ती एकटी. आजही तिनं यजमानांचे बूट दाराबाहेर ठेवलेत. रोज पुसते. तिला वाटतं, एक दिवस ते येतील आणि पाय घालतील." बायकांनी रुमाल काढले. मग तो म्हणाला, अशा एकट्या राहणाऱ्या विधवांना घराच्या करात सवलत. मघाशी रुमाल काढलेल्यांतल्या निम्म्यांनी ते परत ठेवले, कारण त्यांचे नवरे शेजारीच बसलेले होते.

बूट दारात ठेवायची अक्कल तुझी होती. बाबा गेले त्या आठवड्यात तूच म्हणालास, "आई, बाबांचे बूट बाहेरच राहू देत. चोराला वाटू दे घरात पुरुष माणूस आहे." मी ठेवले. ही गोष्ट चोराला कळू नये एवढीच माझी इच्छा होती. आता अख्ख्या शहराला कळली.

मी शाळा चौथीत सोडली, पण वाचनालय सोडलेलं नाही. गोष्टीतलं माणूस लेखकाच्या सांगण्यावरून रडायला लागलं की मला पान उलटायच्या आधी कळतं. ती बाई मी नाही. माझं दुःख बूट पुसत बसत नाही. ते माझ्याबरोबर सकाळी उठतं, खुर्च्या गाडीत चढवतं आणि संध्याकाळी माझ्याइतकंच दमतं.

आणि ते बूट आता दारात नसतात. कुठं असतात ते पुढं कधीतरी सांगेन.

भाषण तू लिहिलंस का? हो की नाही, एवढंच कळव.

आई


२० मार्च

उत्तर आलं. तुझं नव्हे, नुसतंच उत्तर. "आदरणीय मतदार भगिनी, आपल्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच परिवर्तन शक्य आहे." खाली हसऱ्याची सही, तीही छापील.

पोटच्या मुलाला पत्र लिहावं आणि त्याच्या मालकानं आपल्याला बहीण मानून उत्तर द्यावं! मी ते वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. तू त्याची बहीण, म्हणजे तुझा मुलगा त्याचा भाचा. भाच्याला नोकरीला लावलं, एवढंच."

वन्संचं नाव आलंच आहे तर आता सांगूनच टाकते. तुझी आत्या इथंच राहते, बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यापासून. मी बोलावलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. खुर्च्या पुसायला हात लावते म्हणून यायला लागल्या. एकदा पाय सुजला म्हणून मुक्कामाला राहिल्या. मग त्यांची चादर राहिली, मग रेडिओ आला आणि एक दिवस त्यांनी आपली खोली सोडून दिली. तुला कळवलं नाही, कारण त्या दिवशी जे झालं ते मला परत उकरायचं नव्हतं. बाबांना पोचवून आम्ही घरी येऊन बसलो आणि त्यानंतर तू आलास, गळ्यातलं पक्षाचं ओळखपत्रसुद्धा न काढता. तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ये. भावाचं मतही घेऊन जा, आता त्याला लागायचं नाही." तू आठवडाभर माझ्यासाठी थांबलास, पण त्यांच्याशी शब्द बोलला नाहीस. गेल्यावर हळूहळू माझ्याशीही बोलेनासा झालास.

बाबांचे बूट त्यांच्या पायात असतात. पाय सुजतात, दुसरं काही मापाचं होत नाही. दोन-दोन मोजे चढवून अंगणभर खाडखाड चालतात. चोर आलाच तर नुसते बूट बघून नाही, चालण्याच्या आवाजानं पळेल.

आता कालचं सांगते. तुमच्या कार्यालयातून एक मुलगी आली, हातात टॅब, मागे एक फोटोवाला.

"काकू, साहेबांच्या भाषणातल्या त्या आई तुम्हीच ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ऑफिसमधून आलंय. एक छोटीशी फिल्म करायची. तुम्ही नुसतं दारात बसायचं, बोलायचं काही नाही. बूट कुठायत?"

तेवढ्यात अंगणातून खाडखाड करत वन्सं आल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात बोथट सुरी, खुर्च्यांच्या बुडाला चिकटवलेलं च्युइंगम खरवडायची.

"बूट इथंयत," त्या म्हणाल्या. "काढून देऊ?"

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं, मग टॅबकडे. "काकू, घरात आणखी कोण असतं? म्हणजे त्या सवलतीत बसायला ना, राहत्या पत्त्यावर दुसरं कमावतं किंवा पेन्शनवालं माणूस चालत नाही. तुम्ही एकट्याच पाहिजेत."

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ, उघडलं होतं. पण वन्संनी माझ्या आधी सांगून टाकलं, "मी शेजारीण. हिची बादली गळते, माझी द्यायला आले."

"आणि बूट?" फोटोवाल्यानं विचारलं.

"बाहेर चिखल आहे. दारात दिसले, घातले. तू काय बुटांची मतं मोजायला आलायस का रे?"

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या त्यांनी. आवाजाला जरासुद्धा कंप नव्हता. चार वर्षं माझ्या घरात उठलेली-बसलेली बाई माझ्यादेखत शेजारीण झाली आणि ते ऐकायला मी तिथं उभी होते.

फिल्मला मी नाही म्हटलं. मुलगी वाईट नव्हती, नुसती घाईत होती. जाताना म्हणाली, "विचार करा काकू. सवलतीत तुम्ही अगदी परफेक्ट बसता." खुर्चीत बसतात तसं म्हणाली.

ती गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनीबाई, मी जाते."

"कुठं?"

"एक्स्चेंजमधली मैत्रीण आहे ना, तिच्याकडे. कधीपासून बोलावतेय."

"ती तिसऱ्या मजल्यावर राहते. तुमच्या पायांनी?"

"एकदा चढायचं. उतरायचं नाही, म्हणजे झालं."

चेष्टा करत होत्या, पण बॅग खरंच काढली. घराच्या कराच्या नव्या आकारणीत गोदाम घराला चिकटून आहे म्हणून तेही घरातच धरलंय. तेवढा कर भरायचा तर गाडी विकावी लागेल. गाडी गेली तर खुर्च्या काय डोक्यावरून नेणार? हे सगळं त्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, भाषणातली सवलत आहे ती, अजून आभाळात आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच आधी जाते. उद्या ती खाली पडली आणि तेव्हा मी दारात उभी दिसले, तर?"

तू ही सवलत माझ्यासाठी काढलीस, हे मला कळतंय रे. तेवढं कळायला भाषण नको. आईला फोन करणं अवघड वाटलं, म्हणून मुलानं आईच्या नावानं कायदा करायला घेतला. पण कुणासाठी काही करायचं तर आधी त्याच्या घरात डोकावून बघावं की नाही? तू ज्या बाईला सवलत दिलीस ती तुझ्या आठवणीत राहते. या घरात दोघी राहतो.

आज सकाळी त्या गेल्या. बूट पायातून काढून दारात नीट जोडीनं ठेवून गेल्या, सपाता घालून.

आई


२८ मार्च

याही पत्राला "मतदार भगिनी" आलं तर मी हसणार नाही, आधीच सांगते.

काल वन्संकडे जाऊन आले. तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही. एका खोलीत दोघी आणि मैत्रिणीच्या शिवणाच्या मशिनीचं तिसरं बिऱ्हाड. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. पाय आधीपेक्षा जास्त सुजलेले.

मी म्हटलं, "चला घरी. गाडी विकू. मोठ्या सभा सोडू, हातगाडीवर जेवढ्या जातील तेवढ्या खुर्च्या देऊ. लहान बैठका, साखरपुडे, कुणाची श्रद्धांजली."

"श्रद्धांजलीला खुर्च्या लागतात, पण माणसं येत नाहीत," त्या म्हणाल्या. "भाव पडेल तुझा."

"चेष्टा नको."

"बरं, नको."

मैत्रीण चहा टाकायला उठली तेव्हा मला म्हणाल्या, "मला एक सांग. तुझा मुलगा ते लिहिताना मला विसरला, की त्यानं मला काढलं?"

"तुम्ही इथं राहता हे त्याला माहीतच नव्हतं."

"राहत असेन-नसेन. मी आहे हे तर माहीत होतं? त्याच्या भाषणातल्या बाईला मुलगा आहे, मेलेला नवरा आहे, बूटसुद्धा आहेत. नणंद नाही. शाळेत तो आजारी पडला की कोण जायचं आणायला? तुम्ही दोघं कुठंतरी मांडवात खुर्च्या लावत. हेडमास्तर एक्स्चेंजला फोन करायचा, मी लाइन सोडून धावायची. रागावला असेल तर समजू शकते, मी बोललेच तसं. पण राग आला तर माणूस शिव्या घालतो, घरातून पुसून टाकत नाही."

 हेच मी आता तुला विचारते. विसरलास की काढलंस? दोन्हींत काय बरं ते मलाही ठरवता येत नाही.

त्या घरी येत नाहीत ते करासाठी नाही, हे मला त्या जिन्यातून उतरताना कळलं. कर हा बहाणा आहे. तुमच्या टॅबच्या प्रश्नाला एकदा "मी कुणी नाही" असं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं, आणि ते तोंडात परत घेता येत नाही.

रात्री घरात शिरताना मी बुटांना अडखळले. उचलून आत फेकले. भाषणात घाल हवं तर.

आई


५ एप्रिल

आज शेवटची सभा झाली. हसऱ्याची.

दुपारी खुर्च्या लावत होतो. गाडीवरची दोन माणसं आणि मी. तो आधीच आला होता, कोट खांद्यावर टाकून मैदान बघत. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, रांगांमध्ये जरा अंतर वाढवा. पांगवून लावा. गर्दी भरलेली दिसली पाहिजे." हसत म्हणाला. तो हसल्याशिवाय काही म्हणतच नाही. शोकसभेत काय करत असेल कोण जाणे.

महिनाभर माझे बूट आणि माझा नवरा तोंडात घोळवून फिरतोय आणि मी समोर ओल्या फडक्यानं खुर्ची पुसत उभी असताना मला ओळखत नाही. ओळखणार कुठून? त्याला बाई नको होती, बाईची गोष्ट हवी होती.

मी म्हटलं, "ती बूटवाली बाई मी."

त्यानं माझे दोन्ही हात धरले, फडक्यासकट. "आई! तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मग माझ्या नणंदेला कुठं ठेवू ते सांगा. ती माझ्याकडे राहायची. तुमच्या सवलतीसाठी घर सोडून गेलीय."

एक क्षणभर, एकच क्षण, त्याचं हसू विझलं आणि आतला माणूस दिसला. दमलेला होता, मला त्याची कीवसुद्धा आली. मग त्यानं मागे वळून टॅबवालीला विचारलं, "अशा किती असतील?" मुलगी म्हणाली, "बघते सर." आणि तो माणूस परत आत गेला, हसू बाहेर आलं.

संध्याकाळी मंचावरून काय म्हणाला माहीत आहे? तुला असणारच, कदाचित तूच कागद सरकवला असशील. "आज मला एक आई भेटल्या. त्यांनी माझे डोळे उघडले. म्हणून मी आज जाहीर करतो, एका छपराखाली राहणाऱ्या दोन निराधार भगिनींनाही करात सवलत!"

टाळी वाजली. कोपऱ्यात, एका माणसाची. त्याच्या बायकोनं त्याचा हात खाली ओढला.

 मी तक्रार घेऊन गेले नव्हते, प्रश्न घेऊन गेले होते. त्यानं प्रश्नाचा खण पाडला, आम्हा दोघींना त्यात बसवलं आणि वर झाकण लावलं. म्हणजे आता भावाकडे राहणाऱ्या बहिणीनं वेगळं जावं, मावशीकडे राहणाऱ्या भाचीनं वेगळं. त्यांच्या खणांसाठी थांबावं. असं करत करत सगळं शहर खणाखणांत भरलं की कुणाला बस आठवणार आहे आणि कुणाला दवाखाना?

सभा संपल्यावर मी तशीच वन्संकडे गेले, खुर्च्या गाडीत तशाच. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निराधार? मी? माझी पेन्शन आहे, माझे दात आहेत, आणि आधार म्हणशील तर तो हसरा चार लोकांच्या खांद्यावरून खाली उतरला तर पडेल. निराधार म्हणे! त्याला सांग, आधी स्वतःच्या पायावर उभा राहा, मग माझ्या पायांचं बघ."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मैत्रीण मशीन थांबवून बघत राहिली. मला वाटलं, आता उठतील, बॅग घेतील.

उठल्या नाहीत.

टॅबवाली मुलगी सभेनंतर मला गाठून गेली. म्हणाली, "काकू, माझ्यामुळे झालं का हे? मी नुसतं विचारलं होतं." मी म्हटलं, तुझी चूक एवढीच की तू ‘शेजारीण’ ऐकलंस आणि खरं मानलंस. तिच्याकडूनच कळलं, माझी पत्रं तुमच्याकडे "ज्येष्ठ महिला – सूचना" नावाच्या ट्रेमध्ये पडली आहेत. न फोडलेली. पहिलं तेवढं फोडलं होतं, त्यावर शिक्का आहे, "उत्तर दिले".

तर तू वाचलेलंच नाहीस. महिनाभर मी एका ट्रेशी बोलत होते.

आई


९ एप्रिल

काल मतदान झालं. हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. टॅबवाली मुलगी थोड्या वेळानं इथं येणार आहे, शेवटच्या सभेतल्या मोडक्या खुर्च्या बघायला. तिच्या हातात देईन. ट्रेमधली सगळी पत्रं या पत्राबरोबर तुझ्या हातात द्यायचं तिनं कबूल केलं आहे. "हातात" असं मी दोनदा म्हणून घेतलं. आधी ती वाच, मग पुढचं वाच.

वन्संचं नाव मतदार यादीत याच पत्त्यावर आहे. सरकारला माहीत आहे या घरात दोन बायका राहतात, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. त्यामुळे काल सकाळी त्यांना इथं यावं लागलं. शाळेपर्यंत आम्ही चालत गेलो, त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून. रांगेत पुढच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला कोणती सवलत?" वन्सं म्हणाल्या, "आम्हाला उभं राहायची सवलत. तीही दुखऱ्या पायावर." त्यानं जागा दिली.

आत पडद्यामागे मी बराच वेळ उभी राहिले. तीन नावं, तिन्हींचं मला सगळं पाठ. कुणाचंही नाव वाचून मनात काही हललं नाही. बाबा असताना मतदानाच्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. मी विचारायची, कुणाला दिलंत? ते म्हणायचे, "खुर्ची कुणाला दिली ते सांगतो, मत कुणाला दिलं ते नाही." मीही सांगणार नाही. एवढंच सांगते, दिलं. देऊन बाहेर आल्यावर हात धुवावेसे वाटले, तरी दिलं. न देता परत आले असते तर त्यांनी मला मोजायचंही सोडून दिलं असतं. वजा झाल्यावर माणसाचं काय होतं ते मी या महिन्यात घरात बघितलं.

घरी येऊन वन्संनी चहा केला. त्यांच्या जागेवर बसल्या, रेडिओ लावला, माझ्याशी साखरेवरून भांडल्या. दुपारी झोपल्या. मला वाटलं, झालं, आल्या. संध्याकाळी उठल्या, केस विंचरले आणि पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"रिक्षा मिळेल ना गं आता?"

"वन्सं, कशाला?"

"वहिनी," त्या म्हणाल्या. बाई लावलं नाही. "तू बोलावलंस, मी ऐकलं. पण तुझ्यामुळे मी गेलेच नव्हते. तुझ्या बोलावण्यानं कशी येऊ?"

मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. दुसरं काय करणार होते?

म्हणून आता मागते. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, मला तुझ्याकडून काही नको. ते खरं होतं तेव्हा. आता हवंय. तू जाऊन तिला घेऊन ये.

टॅबवाली पत्ता देईल. जिन्यात दिवा नाही, भिंत धरून चढ. दार जोरात वाजव, मशिनीच्या आवाजात ऐकू जात नाही. तुला बघून ती आधी टोमणा मारेल. मारू दे. दुसराही मारेल, तो जास्त लागेल. तेव्हा पाठ फिरवू नकोस, मागच्या वेळेसारखी. तू विसरला होतास की काढलं होतंस, ते विचारेल. जे असेल ते खरं सांग. विसरलो म्हणालास तर रागावेल, काढलं म्हणालास तर रडेल, पण खोटं बोललास तर ओळखेल. जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेत तिनं. क्षमा वगैरे मोठे शब्द वापरू नकोस, ते तुम्ही मंचावर खराब करून टाकलेत. "आत्या, चल" म्हण. बॅग तू उचल. उतरताना पुढं तू चाल, तिला मागून तुझा खांदा धरता येईल.

सवलतीचं नाव काढू नकोस. ती मिळेल न मिळेल. गाडी विकायला मी माणूस बघून ठेवला आहे.

मतमोजणी परवा आहे. त्याच्या आधी जा. जिंकल्यावर गेलास तर तिला उपकार वाटतील. हरल्यावर गेलास तर म्हणेल, रिकामा झाला म्हणून आला. आणि ती जे म्हणेल ते खरं असेल.

उद्याचा एक दिवस आहे तुझ्याकडे.

आई